तामारच्या भोवतीची माणसे

हिब्रू शास्त्रात दावीद राजाची कारकीर्द दोन वेळा सांगितली आहे. एकदा शमुवेलाच्या ग्रंथांत, आणि पुन्हा, बाबेलच्या बंदिवासानंतर लिहिल्या गेलेल्या इतिहास या ग्रंथात. राजा तोच, राजधानी तीच, बहुतेक लढायाही त्याच. तरी दुसऱ्या लेखकाने पूर्ण गाळलेल्या गोष्टींत दोन घटना आहेत. दावीदाने आपल्या सैनिकाच्या पत्नीला, बथशेबेला, माणसे पाठवून राजवाड्यात आणवले आणि मग तिच्या नवऱ्याला युद्धात मारवले, ही पहिली. दावीदाचा थोरला मुलगा अम्नोन याने आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला, ही दुसरी. यहुदी परंपरेने मात्र दोन्ही ग्रंथ जपले. म्हणून काय गाळले गेले, हे आजही शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

या कथा मराठीत येण्याच्या इतिहासात पुणे जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. पुणे–दौंड लोहमार्गावरच्या केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बायांना वाचून समजेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल भाषांतरित केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते बायबल पूर्ण छापून झाले. छपाई मुक्ती सदनाच्याच छापखान्यात झाली आणि तिथे खिळे जुळवण्यापासूनची कामे सदनातल्या स्त्रिया करत. यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून, बालवैधव्यातून, फसवणुकीतून आणि जबरदस्तीतून सुटून आलेल्या होत्या. १८९७ मध्ये मध्य प्रांतातला दुष्काळ पाहून आल्यावर रमाबाईंनी लिहिले होते की, उपाशी मुलींना हेरणारे लोक मदतकेंद्रांच्या आसपासच फिरत असतात. अशा अत्याचारांतून आलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी केडगावात कृपासदन हे वेगळे घर काढले. तामारची कथा ज्या हातांनी मराठीत छापली, त्या हातांना ती परकी नव्हती.

या कथा कशा वाचाव्यात, हा या लेखाचा विषय आहे. त्या वाचताना बहुतेक वाचक दोनच पात्रांकडे पाहतात, अत्याचार करणारा आणि सोसणारी. मूळ कथा मात्र तिसऱ्या गटावर फार बारकाईने प्रकाश टाकते. त्यात बेत सांगणारा आहे, निरोप नेणारा आहे, दार लावणारा आहे आणि सगळे कळूनही गप्प बसणारा आहे. ही माणसे ओळखता आली की कथेचा अर्थ उलगडतो, आणि आपल्या आजूबाजूचे बरेच काही दिसू लागते.

तामार

शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाचा तेरावा अध्याय. अम्नोन युवराज आहे. तामारच्या वेडाने तो आजारी दिसू लागतो. त्याचा चुलत भाऊ योनादाब, ज्याला ग्रंथ ‘फार चतुर’ म्हणतो, त्याला उपाय सुचवतो: आजाराचे सोंग घे, बाप समाचाराला येईल, तेव्हा तामारच्या हातचे खायचे आहे असे सांग. राजा येतो, विनंती ऐकतो आणि तामारला भावाकडे जाण्याचा निरोप पाठवतो. म्हणजे तिला त्या घरात पाठवणारा खुद्द तिचा बाप, देशाचा राजा आहे.

तामार येते, कणीक मळते, त्याच्यासमोर पोळ्या भाजते. अम्नोन खायला नकार देतो आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगतो. सगळे जातात. मग तो तिला आतल्या खोलीत ताट घेऊन यायला लावतो आणि धरतो.

इथे ग्रंथकाराने तामारला दिलेले बोलणे संपूर्ण प्रसंगातले सर्वांत विचारी बोलणे आहे. ती नाही म्हणते. इस्राएलात असे कुणी करत नाही, हे सांगते. माझी बेअब्रू घेऊन मी कुठे जाऊ, असे विचारते. तू मूर्ख, नीच माणसांत जमा होशील, असे बजावते. शेवटी, राजाशी बोल, तो मला तुझ्यापासून राखून ठेवणार नाही, अशी वाटही सुचवते. कायदा, लाज, त्याचे हित आणि सुटकेचा मार्ग अशा चारही बाजूंनी ती युक्तिवाद करते. तो ऐकत नाही. तो बळाने जास्त होता, एवढेच कारण ग्रंथ देतो. तिच्या बोलण्यात, वागण्यात, कपड्यांत कसलीही उणीव शोधायला ग्रंथ वाचकाला जागा ठेवत नाही.

महाभारत ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला इथे द्यूतसभेतली द्रौपदी आठवल्यावाचून राहत नाही. तीही कायद्याचा प्रश्न विचारते आणि धर्म जाणणारी सभा उत्तर देत नाही. दोन्ही परंपरांत, हजारो मैलांच्या अंतरावर, सर्वांत नेमके बोलणारी व्यक्ती तीच आहे जिच्यावर अन्याय चालला आहे.

नंतर अम्नोनला तिचा तिटकारा येतो. ऊठ, चालती हो, असे तो म्हणतो. ती पुन्हा बोलते: मला असे हाकलणे हे आधीच्या अन्यायाहून मोठे आहे. तो नोकराला बोलावतो, हिला बाहेर काढ आणि दाराला अडसर घाल. नोकर तसे करतो. तामार राजकन्यांचा लांब झगा फाडते, डोक्यावर राख घालते आणि रडत, आक्रोश करत निघते. ती लपत नाही. झालेल्या गोष्टीची दाद ती उघड रस्त्यावर मागते.

सख्खा भाऊ अबशालोम तिला भेटतो तेव्हा काय झाले ते त्याने आधीच ओळखलेले असते. तो म्हणतो: आता गप्प राहा, तो तुझा भाऊच आहे, मनाला लावून घेऊ नकोस. राजा दावीदाला कळते, तो फार संतापतो. आणि काहीच करत नाही. ग्रंथाच्या ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या एका प्राचीन हस्तलिखितात त्याचे कारणही आहे: अम्नोन थोरला, लाडका, म्हणून बापाने त्याचे मन दुखवले नाही. दोन वर्षांनी अबशालोम मेंढरांची लोकर कातरण्याच्या सणाला अम्नोनला बोलावून मारवतो. त्याने पुढे आपल्या मुलीचे नाव तामार ठेवले, असेही ग्रंथ सांगतो. पण मधल्या दोन वर्षांत आणि त्यानंतरही तामारला कुणी काही विचारल्याची नोंद नाही. ती भावाच्या घरी उजाड होऊन राहिली, एवढ्या शब्दांत तिचे पुढचे आयुष्य संपते.

आता पात्रे मोजून पाहा. अम्नोनची वासना एकटी काही करू शकली नसती. योनादाबाची अक्कल, राजाचा निरोप, बाहेर निघून गेलेले सेवक, अडसर घालणारा नोकर, गप्प करणारा भाऊ आणि शिक्षा न देणारा बाप, हे सगळे मिळून तो गुन्हा पूर्ण होतो. अत्याचार एका क्षणात घडतो, पण त्याची वाट आधीपासून तयार केलेली असते आणि नंतर ती बुजवलीही जाते.

राजा घेतो

तामारच्या आधी दोनच अध्याय बथशेबेची कथा येते आणि हा क्रम मुद्दाम आहे. मुलगा जे करतो ते बापाने आधी केलेले असते.

या कथेभोवती एक जुना गैरसमज आहे. बथशेबा गच्चीवर आंघोळ करत होती, तिने राजाला भुलवले, असे कितीतरी चित्रांनी आणि प्रवचनांनी लोकांच्या मनात बसवले आहे. ग्रंथात गच्चीवर आहे तो राजा. सैन्य युद्धावर गेलेले असताना तो मागे राहिला आहे, संध्याकाळी उठून गच्चीवर फिरतो आहे आणि वरून पाहतो आहे. ती कोण, हे तो विचारतो. उत्तर मिळते: एलियामची मुलगी, उरीया हित्तीची बायको. हे कळल्यावर तो माणसे पाठवतो आणि तिला आणवतो. तिची इच्छा विचारल्याचा एक शब्दही नाही. नवरा लढाईवर आहे, दारात राजाची माणसे उभी आहेत, अशा वेळी नकाराला अर्थ किती उरतो, हे कुणालाही कळावे.

ती गरोदर असल्याचा निरोप येतो तेव्हा दावीद उरीयाला घरी बोलावून प्रकरण झाकू पाहतो. सोबती मैदानात असताना आपण घरी जाऊन सुख भोगणार नाही, असे उरीया सांगतो. मग राजा सेनापती यवाबाला पत्र लिहितो आणि ते खुद्द उरीयाच्याच हाती देतो. उरीयाला लढाईच्या ऐन तोंडाशी ठेवा आणि मागे सरा, असा त्यात हुकूम असतो. इथेही साखळी आहे: निरोपे, सेनापती, आज्ञा पाळणारे.

पुढच्या अध्यायात नाथान संदेष्टा राजासमोर उभा राहतो. तो एका श्रीमंताची गोष्ट सांगतो. त्याच्याकडे पुष्कळ मेंढरे होती, तरी पाहुण्यासाठी त्याने शेजारच्या गरिबाची एकुलती लाडकी मेंढी घेतली. राजा चिडून म्हणतो, असा माणूस मरणास पात्र आहे. नाथान सांगतो, तो माणूस तूच आहेस. या दृष्टांतात मेंढीचा काही दोष नाही. नाथानाच्या तोंडून ग्रंथ बथशेबेवर कोणताही ठपका ठेवत नाही. ठपका एकट्या राजावर आहे.

राजसत्ता अशी वागेल, हे ग्रंथाने आधीच सांगितले होते. लोकांनी राजा मागितला तेव्हा वृद्ध शमुवेलाने बजावले होते की, राजा तुमचे मुलगे घेईल, शेते घेईल, तुमच्या मुलींना अत्तरे करायला, स्वयंपाकाला आणि भाजणावळीला नेईल. सत्तेच्या हाताला घ्यायची सवय लागली की तो हात कुठे थांबतो, हे दावीदाच्या राजवाड्यात दिसते.

पुण्याने हाच प्रश्न १८९७ मध्ये फार जवळून पाहिला. प्लेग आटोक्यात आणण्यासाठी वॉल्टर चार्ल्स रँडच्या अधिकाराखाली गोरे सैनिक घरोघर झडत्या घेत होते आणि माणसांना इस्पितळात व विलगीकरणाच्या छावण्यांत नेत होते. स्त्रियांना कसे वागवले जाते, याविषयी शहरात संताप होता. पंडिता रमाबाईंनी त्या वर्षी ‘बॉम्बे गार्डियन’ या नियतकालिकाला पत्र लिहून सरकारी प्लेग व्यवस्थेत तरुण मुली सुरक्षित नसल्याचे जाहीर केले. त्यांच्या आश्रमातल्याच एका मुलीचे उदाहरण त्यांनी दिले. विलायतेत पार्लमेंटपर्यंत प्रश्न गेला आणि मुंबई सरकारने आरोप फेटाळले. वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सैनिकांवर स्त्रियांच्या विटंबनेचा आरोप केला. परतल्यावर पुरावा उभा करता आला नाही, म्हणून त्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्याआधीच, २२ जूनला, चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या होत्या.

शाळेच्या इतिहासात यातला गोळीबार ठळक असतो, गोखल्यांची माफीही असते. ज्या स्त्रियांविषयी हे सगळे चालले होते त्यांचे स्वतःचे शब्द जवळजवळ उरलेलेच नाहीत. अबशालोमाचा सूड आठ ओळींत सांगता येतो, पण तामारची पुढची वर्षे एका ओळीत संपतात, तेच इथे झाले. पुरुषांची प्रतिष्ठा, सूड आणि राजकारण इतिहासाला सहज दिसते. ज्या व्यक्तीवर अन्याय झाला तिच्यापर्यंत पोहोचायला वेगळा प्रयत्न करावा लागतो. रमाबाईंचे पत्र हा तसा प्रयत्न होता.

शिक्षा कुणाला झाली

या कथा वाचताना वाचकाला अडवणाऱ्या गोष्टीही आहेत. त्या बाजूला सारून चालणार नाही.

नाथान दावीदाला सांगतो की, तुझ्या बायका तुझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला दिल्या जातील. पुढे अबशालोम बापाविरुद्ध बंड करतो, यरुशलेम घेतो आणि सल्लागाराच्या सांगण्यावरून राजवाड्याच्या छतावर तंबू ठोकून बापाच्या दहा उपपत्नींवर सर्वांसमक्ष हक्क दाखवतो. पूर्वी ज्याने बहिणीला गप्प केले तोच भाऊ आता दहा स्त्रियांना आपल्या विजयाचे निशाण करतो. दावीद परततो तेव्हा त्या दहाजणींना पहाऱ्यात ठेवतो. त्यांना अन्नवस्त्र मिळते, पण मरेपर्यंत त्या नवरा जिवंत असून विधवेसारख्या राहतात. पाप राजाचे, बंड मुलाचे आणि कोंडवास दहा स्त्रियांच्या नशिबी.

हे वाक्य एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात कुणी वाचले असते तर त्याला अर्थ समजावून सांगावा लागला नसता. केशवपन करून माजघराच्या कोपऱ्यात बसवलेल्या विधवा मुली कितीतरी वाड्यांत होत्या. घरातल्याच किंवा ओळखीतल्या पुरुषाने अशा मुलीला नादी लावले वा जबरदस्ती केली, तर परिणाम तिनेच भोगायचे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याचसाठी, की अशा स्त्रीला गुपचूप बाळंत होता यावे, मूल मारावे लागू नये. जोतीरावांनी स्वतः नोंदवले आहे की, त्यांच्या मित्राकडे स्वयंपाक करणाऱ्या एका ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येसाठी काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. तिला त्या अवस्थेत लोटणारा पुरुष मोकळा होता. १८८२ मध्ये पुण्यात छापलेल्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकात ताराबाई शिंदे यांनी हाच जाब विचारला. रमाबाईंच्या शारदा सदनाचे दार १८९० पासून पुण्यात याच मुलींसाठी उघडले होते.

संदेष्ट्यांच्या ग्रंथांतही असाच कठीण भाग आहे. होशेय आणि यहेज्केल यांच्यात इस्राएल राष्ट्राला किंवा यरुशलेम नगरीला व्यभिचारी बायको कल्पून तिला उघडी करण्याच्या, मारण्याच्या प्रतिमा येतात. राष्ट्राच्या पापाबद्दल बोलायचे आहे, हे खरे. तरी मारहाण सोसलेली स्त्री हा उतारा ऐकते तेव्हा तिला नवऱ्याचाच आवाज देवाच्या तोंडून आल्यासारखा वाटू शकतो. असा भाग व्यासपीठावरून वाचताना समोर कोण बसले आहे, याचे भान वाचणाऱ्याने ठेवलेच पाहिजे.

ओरडली का नाही

शास्त्रात कथांच्या जोडीला कायदेही आहेत. अनुवाद या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात वाग्दत्त मुलीवरच्या बळजबरीचा नियम येतो. घटना शहरात घडली आणि ती ओरडली नाही, तर तिलाही दोषी धरावे. घटना रानात घडली, तर तिला निर्दोष मानावे, कारण ती ओरडली असेल, पण वाचवायला कुणी नव्हते. याच ठिकाणी ग्रंथ एक महत्त्वाचे तत्त्व मांडतो: हा गुन्हा एखाद्याने शेजाऱ्यावर चालून जाऊन त्याचा जीव घ्यावा तसा आहे, मुलीने काहीही पाप केलेले नाही. बलात्कार ही हिंसा आहे, खुनाच्या जातीची, हे त्या प्राचीन समाजाने लिहून ठेवले.

पण शहरातल्या नियमाने एक धोकादायक गृहीतही लिहून ठेवले, की जिच्यावर जबरदस्ती होते ती ओरडतेच. भीतीने घशातून आवाज निघत नाही, समोर राजाचा मुलगा असतो, बाहेरचा नोकर त्याचाच असतो, हे त्या नियमात बसत नाही. तामारने तर सांगितले, विनवले, आक्रोश केला. शहरातच, राजाच्या घरात. कुणी आले नाही.

हे गृहीत आपल्या न्यायालयांतही फार काळ टिकून होते. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. देश या खटल्याला मथुरा प्रकरण म्हणून ओळखतो. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, नातेवाईक बाहेर असून तिने आरडाओरडा केला नाही, अशी कारणे निकालात होती. रात्रीचे पोलीस ठाणे, वर्दीतली माणसे आणि एक गरीब पोर, यांच्यातले बळाचे अंतर विचारात आले नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धगमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळा, जास्त कडक गुन्हा मानले गेले. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तिच्या बाजूने गृहीत धरावे, असे ठरले. अधिकार हाती असलेल्या माणसाने केलेला अत्याचार वेगळ्या नजरेने पाहिला पाहिजे, हे नाथान संदेष्ट्याच्या दृष्टांतातले तत्त्व इथे कायद्याच्या भाषेत आले.

त्याच अध्यायातला आणखी एक नियम सांगतो की, मुलगी कुणाला दिलेली नसेल तर अत्याचार करणाऱ्याने तिच्या बापाला पन्नास शेकेल रुपे द्यावे आणि तिच्याशी लग्न करावे, तिला कधी सोडू नये. ज्या समाजात अशा मुलीला दुसरा आधार उरत नव्हता तिथे तिच्या पोटापाण्याची ही सोय होती. तामार राजाशी बोलायला का सुचवते, तेही यावरून समजते. पण तिच्या मनाचा विचार या नियमात नाही. पुढे इ. स. २०० च्या सुमाराला सिद्ध झालेल्या मिश्नेत यहुदी धर्मशास्त्र्यांनी बेअब्रू, नुकसान आणि वेदना यांची वेगवेगळी भरपाई ठरवली, आणि मुलीला लग्नास नकार देण्याचा हक्कही परंपरेने मान्य केला. म्हणजे शास्त्र मानणाऱ्यांनीच शास्त्राचे वाचन पुढे नेले. आपल्याकडे ‘लग्न लावून द्या, मिटवून टाका’ हा सल्ला पंचांच्या बैठकीत अजून ऐकू येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले की, बलात्काराच्या खटल्यात तडजोड किंवा लग्न हा मार्ग असूच शकत नाही.

सत्ता अनेक रूपांची

सत्ता फक्त राजाकडे असते असे नाही, आणि फक्त पुरुषाकडेही नाही. उत्पत्ति ग्रंथात साराय आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला देते, मूल व्हावे म्हणून. हागारला कुणी विचारत नाही. मालक आणि मालकीण तिच्याविषयी बोलताना तिचे नाव एकदाही घेत नाहीत, ते फक्त दासी म्हणतात. छळाला कंटाळून ती रानात पळते, तेव्हा देवाचा दूत तिला प्रथम नावाने हाक मारतो. आणि तीही देवाला नाव देते: मला पाहणारा देव. देवाला नाव देणारी शास्त्रातली ही पहिली व्यक्ती एक परदेशी गुलाम स्त्री आहे.

त्याच ग्रंथात योसेफ नावाचा तरुण गुलाम मालकिणीच्या जबरदस्तीला नकार देतो, ती त्याचे वस्त्र पुरावा म्हणून दाखवते आणि तो तुरुंगात जातो. ‘बायका खोटे आरोप करतात’ असे सांगण्यासाठी ही कथा वारंवार वापरली जाते. पण तिच्यात मालकी कुणाची आणि गुलाम कोण, ते पाहा. ज्याच्या शब्दाला वजन नाही त्याचे खरे कुणी ऐकत नाही, हेच ती सांगते. त्या अर्थाने योसेफ तामारच्या बाजूला उभा आहे.

सर्वांत भयंकर कथा शास्ते या ग्रंथाच्या शेवटी आहे. गिबा गावात मुक्कामाला थांबलेला लेवी वंशाचा एक माणूस, दाराशी आलेल्या झुंडीपासून स्वतःला वाचवण्यासाठी आपल्या उपपत्नीला बाहेर ढकलतो. रात्रभराच्या अत्याचारानंतर ती पहाटे उंबऱ्यावर कोसळते. तो तिच्या देहाचे बारा तुकडे करून सगळ्या वंशांकडे पाठवतो. वंशांची सभा भरते तेव्हा तो हकिकत सांगतो, पण तिला आपणच बाहेर ढकलले ही गोष्ट वगळतो. मग तिच्या नावाने युद्ध पेटते, बन्यामीन वंश जवळजवळ नष्ट होतो आणि उरलेल्या सहाशे पुरुषांना बायका मिळाव्यात म्हणून याबेश-गिलादच्या चारशे मुली आणि शिलोच्या उत्सवात नाचणाऱ्या मुली पळवल्या जातात. एका स्त्रीवरच्या अन्यायाचा बदला म्हणून शेकडो स्त्रियांवर अन्याय होतो. ग्रंथ या साऱ्यावर एकच निर्णय देतो: जो तो आपल्याला बरे दिसेल तसे करत होता.

एकत्र बसून वाचणे

मिश्नेने दावीद आणि अम्नोन यांच्या कथा सभेत जाहीर वाचायला मनाई केली होती. आजही अनेक चर्चेसच्या रविवारच्या वाचनक्रमात तामारची कथा येत नाही. १९८४ मध्ये अमेरिकन अभ्यासक फिलिस ट्रिबल यांनी हागार, तामार, गिबातली अनाम स्त्री आणि इफ्ताहाची मुलगी यांच्या कथांवर एक पुस्तक लिहिले आणि अशा उताऱ्यांकडे पाहण्याची अभ्यासाची दिशाच बदलली. दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्गच्या उजामा केंद्राने तामारची कथा गटात बसून वाचण्याची मोहीम उभारली. तिथे विचारतात: या कथेत पुरुष किती आहेत आणि बलात्कारात प्रत्येकाची भूमिका कोणती? तामार काय काय बोलते? आपल्या मंडळीत अशा तामार आहेत का, आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे काय आहे? कथा ऐकून अनेक जणी आयुष्यात प्रथमच स्वतःचे बोलल्या.

पुण्यात हे शक्य आहे. कॅम्पातले लाल देऊळ, म्हणजे १८६७ मध्ये पूर्ण झालेले ओहेल डेव्हिड सिनेगॉग, रास्ता पेठेतले बेने इस्राएलांचे सुक्कथ शेलोमो, शहरातली मराठी बोलणारी चर्चेस आणि केडगावचे मुक्ती सदन, या सगळ्यांकडे हे ग्रंथ आहेत. ज्यांचा धर्म वेगळा त्यांच्याकडे अहल्या आहे, आणि सभेत प्रश्न विचारणारी, पुढे सैरंध्री होऊन कीचकाला तोंड देणारी द्रौपदी आहे. कोणाच्या ग्रंथात किती दोष, याची तुलना करून हाती काही लागत नाही. आपल्या ग्रंथात नोकराने दार कधी लावले आणि राजा गप्प कधी बसला, हे शोधले तर आपल्या घरात, शाळेत, कचेरीत, मठात आणि चर्चमध्ये तीच जागा ओळखता येते.

कायद्याने त्या जागेवर बोट ठेवायला सुरुवात केली आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची भीती असल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थाप्रमुखाने लपवले तर ती एक वर्षापर्यंत जाते. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती नेमायला लावली. योनादाब, नोकर आणि गप्प राहा म्हणणारा अबशालोम, यांनाही उत्तर द्यावे लागेल, असा याचा अर्थ.

एक काम मात्र कायद्याला करता येत नाही. तामारला दोन वर्षांत कुणी विचारले नाही की, तुला काय हवे आहे. सूड भावाने ठरवला, माफी बापाने ठरवली. जिच्यावर अन्याय झाला तिचे म्हणणे सर्वांत आधी ऐकणे आणि तिचा निर्णय मानणे, हे घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, शिक्षकांचे आणि धर्मगुरूंचे काम आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्यातला गुन्हा ज्या लोकांनी आपल्या पवित्र ग्रंथात लपवाछपवी न करता टिकवला, त्यांनी तामारचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचवले आहेत. तिला तेव्हा न मिळालेले उत्तर आज तिच्यासारख्या मुलीला देणे आपल्या हाती आहे, आणि ते द्यायला तिच्या भोवतीच्या एका माणसाने बोलायला सुरुवात केली तरी पुरते.